धावफलकात नसलेला माणूस

क्रिकेटच्या धावफलकात बरेच काही नोंदलेले असते. नाणेफेक कोणी जिंकली, पंच कोण होते, कर्णधार कोण, यष्टीरक्षक कोण, कोणी कोणाला कसे बाद केले, अवांतर धावांत बाय किती आणि लेगबाय किती. संघाच्या व्यवस्थापकासाठी मात्र त्यात रकाना नाही. म्हणून अजित वाडेकर यांनी फलंदाज म्हणून काय केले हे एका ओळीत सांगता येते: ३७ कसोटी, २११३ धावा, एक शतक. कर्णधार म्हणूनही: १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. १९९२ ते १९९६ या काळात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. त्या कारकिर्दीची अशी एक ओळ कुठेच छापलेली नाही. ती लिहायची तर धावफलक उलटा वाचावा लागतो. सलामीला कोण गेले, किती फिरकी गोलंदाज खेळले, कोणाला बाहेर बसवले, हे पाहून त्यामागचा हात ओळखावा लागतो.

या कामाला साधने चार प्रकारची आहेत. पहिले अर्थात धावफलक. त्यांत हेतू नसतो, पण घडले काय याबद्दल शंकाही नसते. दुसरे, ‘विस्डेन’सारखी वार्षिके आणि वर्तमानपत्रांतले दौऱ्यांचे वृत्तांत. तिसरे, निवड समित्यांचे जाहीर झालेले निर्णय. चौथे, खेळाडूंची आत्मचरित्रे आणि मुलाखती. या चौथ्या साधनाबाबत जरा सावध राहायला हवे. वाडेकर यांचे ‘माय क्रिकेटिंग इयर्स’ १९७३ साली आले. त्यात विजयाचा काळ आहे, पण १९७४ ची पडझड नाही आणि व्यवस्थापकपद तर जवळजवळ दोन दशके दूर आहे. सचिन तेंडुलकर यांचे आत्मचरित्र २०१४ सालचे. ज्या घटनांचा पुढे इतिहास झाला, त्यांच्याकडे ते वीस वर्षांनी मागे वळून पाहते. म्हणून इथे क्रम असा धरला आहे: आधी धावफलक, मग त्या वेळचा जाहीर निर्णय, आणि आठवण सर्वांत शेवटी.

मॉन्ट्रियलचा मापदंड

व्यवस्थापकाचे काम कागदावर किती स्वच्छ उमटू शकते, हे पाहायचे तर क्रिकेटबाहेर जावे लागते. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीत प्रत्येक संघाला एक जनरल मॅनेजर असतो. खेळाडू घेणे, विकणे, त्यांची अदलाबदल करणे, करार करणे, प्रशिक्षक नेमणे आणि काढणे ही सगळी कामे त्याची. सॅम पोलॉक हे १९६४ ते १९७८ अशी चौदा वर्षे मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे जनरल मॅनेजर होते. ते स्वतः नॅशनल हॉकी लीगमध्ये कधी खेळले नाहीत. तरी त्यांच्या काळात संघाने नऊ वेळा स्टॅन्ली कप जिंकला.

त्यांचा सर्वांत गाजलेला व्यवहार मे १९७० मधला. त्यांनी ओकलंडच्या संघाला अर्नी हिकी हा खेळाडू आणि आपला त्या वर्षीचा पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क दिला. बदल्यात जे घेतले त्यात ओकलंडचा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला हक्क होता. त्या काळी त्या लीगमध्ये सर्वांत तळाच्या संघाला नवोदितांतून पहिली निवड मिळत असे. ओकलंडचा हा संघ पुढे कॅलिफोर्निया गोल्डन सील्स या नावाने तळाला गेला आणि जून १९७१ मध्ये पोलॉक यांनी त्या हक्कावर गी लाफ्लर हा तरुण उचलला. लाफ्लर यांनी पुढे सलग सहा हंगामांत पन्नास किंवा त्याहून अधिक गोल केले. आख्यायिका आणखी एक पाऊल पुढे जाते. लॉस एंजेलिसचा संघ सील्सपेक्षाही खाली घसरू लागला तेव्हा पोलॉक यांनी जानेवारी १९७१ मध्ये राल्फ बॅकस्ट्रॉम हा आपला अनुभवी खेळाडू मुद्दाम लॉस एंजेलिसला दिला आणि त्या संघाला वर उचलले, असे सांगतात. बॅकस्ट्रॉम यांना स्वतःलाच मॉन्ट्रियल सोडायचे होते, हेही नोंदलेले आहे. डाव किती आणि योगायोग किती, यावर वाद चालू शकतो. पण व्यवहाराची तारीख, त्यातले खेळाडू आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव यांवर वाद नाही.

भारतीय क्रिकेटमध्ये पोलॉक यांच्या हातातले अधिकार कधीच एका माणसाकडे नव्हते. संघ निवड समिती निवडत असे. कर्णधारही तीच नेमत असे. मैदानावर कर्णधाराचा शब्द चाले. व्यवस्थापक क्रिकेट नियामक मंडळ नेमत असे, बहुतेक वेळा एका दौऱ्यापुरता. वाडेकर यांच्या बाबतीत विशेष हे की या तिन्ही खुर्च्यांवर ते बसले: १९७१ ते १९७४ कर्णधार, १९९२ ते १९९६ व्यवस्थापक आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस निवड समितीचे अध्यक्ष. लाला अमरनाथ आणि चंदू बोर्डे यांच्याखेरीज असा प्रवास फारच थोड्यांचा. मात्र या तीन खुर्च्या त्यांना एका वेळी कधी मिळाल्या नाहीत, आणि त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते.

निर्णायक मत आणि त्यानंतर

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वापरले आणि मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी वाडेकर कर्णधार झाले. निवड समितीत किती ताकद साठलेली होती याचा हा सर्वांत ठळक पुरावा. जवळजवळ नऊ वर्षे ज्याच्याभोवती भारतीय संघ उभा राहिला, तो माणूस एका मताने बाजूला झाला.

वेस्ट इंडिज दौऱ्याच्या संघात दिलीप सरदेसाई यांचे नाव अखेरच्या क्षणी आले, आणि त्यामागे नव्या कर्णधाराचा आग्रह होता, हे त्या काळच्या लेखनात सर्वत्र आढळते. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या. पाच कसोटींत त्यांच्या एकूण ६४२ धावा झाल्या. सुनील गावसकर यांच्या ७७४ धावांच्या झगमगाटात त्या झाकोळल्या, तरी मालिकेचा पाया त्यांनीच घातला. खेळाडू निवडण्याची दृष्टी या अर्थाने पाहिले तर पुढच्या व्यवस्थापकाची ही पहिली खूण.

दुसरी खूण त्याच किंग्स्टनची. पावसाने पहिला दिवस वाया गेला होता. भारताच्या ३८७ धावांना वेस्ट इंडिजने २१७ धावांचे उत्तर दिले. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० धावांची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेल्यामुळे सामना चार दिवसांचा ठरला आणि ती मर्यादा १५० वर आली. वाडेकर यांनी गॅरी सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीला बोलावले. सामना अनिर्णित राहिला. नियमाचे पुस्तक वाचून आलेला, एरवी बँकेत अधिकारी असलेला कर्णधार समोर उभा आहे, हे मात्र यजमानांना कळले. पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला होती. सलीम दुराणी यांनी सोबर्स आणि क्लाइव्ह लॉइड यांना लागोपाठ बाद केले, भारत सात गड्यांनी जिंकला आणि मालिका १-० अशी खिशात आली. वाडेकर यांनी दुराणी यांनाही संघात हवे म्हणून आग्रह धरला होता.

कर्नल अधिकारी यांची शाळा

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी गेले. पुण्यात १९१९ साली जन्मलेले, बडोद्याकडून रणजी खेळलेले, २१ कसोटींचे अनुभवी. कर्णधार ते एकाच कसोटीपुरते झाले. तो प्रसंग या विषयाशी जवळचा आहे.

१९५८-५९ च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. मद्रास कसोटीच्या तोंडावर संघात कोणाला घ्यायचे यावरून मंडळाशी मतभेद झाले आणि पॉली उम्रीगर यांनी कर्णधारपद सोडले. विनू मंकड यांनी ती कसोटी सांभाळली. दिल्लीच्या शेवटच्या कसोटीला लष्करातून अधिकारी यांना बोलावण्यात आले. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळी घेतले आणि सामना वाचवला. अकरा जण ठरवण्याचा शेवटचा अधिकार कर्णधाराकडे नाही, हे ज्या मालिकेने दाखवले, त्याच मालिकेने कर्णधार केलेला माणूस १९७१ मध्ये व्यवस्थापक होता.

अधिकारी यांचा भर क्षेत्ररक्षणावर आणि शिस्तीवर होता. ओव्हलच्या धावफलकात तो वाचता येतो. २४ ऑगस्ट १९७१ ला संपलेल्या त्या कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले. ते वेस्ट इंडिजला गेलेच नव्हते, या दौऱ्यावर परत आले होते. ॲलन नॉट यांचा झेल एकनाथ सोलकर यांनी पुढे झेपावून घेतला. फलंदाजाच्या अंगाशी उभे राहणाऱ्यांशिवाय फिरकीला दात नसतात, आणि असे चार-पाच जण १९७१ च्या संघात एकाच वेळी होते. भारताला १७३ धावा हव्या होत्या आणि चार गडी राखून तो जिंकला. मालिका १-०. इंग्लंडमधला भारताचा तो पहिला कसोटी विजय.

१९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. दिल्लीची पहिली कसोटी भारताने गमावली. कलकत्ता २८ धावांनी आणि मद्रास चार गड्यांनी जिंकून मालिका २-१ अशी घेतली. चंद्रशेखर यांचे त्या पाच कसोटींतले बळी ३५. हा आकडा पुढे वीस वर्षांनी लागणार आहे.

१९७४ च्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक पुन्हा अधिकारी आणि कर्णधार पुन्हा वाडेकर. म्हणजे १९७१ चीच जोडी. निकाल ०-३. लॉर्ड्सला इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताचा दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांवर संपला, त्यात सोलकर यांच्या नाबाद १८. पराभव एक डाव आणि २८५ धावांनी. लंडनमधले उच्चायुक्त बी. के. नेहरू यांच्या स्वागतसमारंभाला संघ उशिरा पोहोचला आणि त्याला परत जायला सांगण्यात आले. तो प्रसंग गावसकर यांच्या आठवणींसह अनेक ठिकाणी आला आहे. परदेश दौऱ्यावरच्या व्यवस्थापकाच्या माथी तेव्हा जाळ्यातल्या सरावाबरोबर बस आणि मेजवान्याही असत, हे त्यातून कळते. तोच कर्णधार आणि तोच व्यवस्थापक तीन वर्षांत दोन टोकांचे निकाल देतात, तेव्हा यशाचे किंवा अपयशाचे श्रेय एकाच नावाला बांधणाऱ्याने हे दोन दौरे शेजारी ठेवून पाहावेत.

भारतात इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची प्रचंड बॅट उभारली होती. १९७४ नंतर लोकांनी ती विद्रूप केली. वाडेकर पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि त्यांनी निवृत्ती घेतली. स्टेट बँकेतली नोकरी होतीच.

डर्बन ते कटक

१९९२-९३ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर वाडेकर क्रिकेट व्यवस्थापक म्हणून गेले, कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन. तोपर्यंत हे पद दौऱ्यागणिक बदलत असे. बिशनसिंग बेदी, अब्बास अली बेग अशी नावे दोन-तीन वर्षांत येऊन गेली होती. वाडेकर त्यानंतर १९९६ च्या विश्वचषकापर्यंत राहिले, आणि इतका सलग काळ त्यांच्या आधी या पदावर कोणाला मिळाला नव्हता.

तो दौरा सुखाचा नव्हता. डर्बनला १४ नोव्हेंबर १९९२ रोजी तेंडुलकर धावबाद झाले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहून तिसऱ्या पंचाने बाद दिलेला कसोटीतला तो पहिला फलंदाज. प्रवीण अमरे यांनी पदार्पणातच शतक केले. पोर्ट एलिझाबेथला ॲलन डोनाल्ड यांनी बारा बळी घेतले, कपिल देव यांच्या १२९ धावा वाया गेल्या आणि मालिका ०-१ अशी गेली. एकदिवसीय सामने २-५.

जोहान्सबर्गच्या कसोटीत मात्र अनिल कुंबळे यांनी एका डावात ५३ धावांत ६ बळी घेतले. इंग्लंडचे संघ व्यवस्थापक कीथ फ्लेचर तो सामना पाहायला आले होते. त्यांच्या संघाचा भारत दौरा पुढेच होता. कुंबळे यांचा चेंडू फारसा वळत नाही असा त्यांचा अभिप्राय झाला, आणि तो नंतर इंग्लंडच्या वार्ताहरांनी त्यांना वर्षानुवर्षे ऐकवला. चेंडू वळत नव्हता हे निरीक्षण तसे खोटे नव्हते. तो उसळून सरळ येत होता आणि पायचीत करत होता, हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटले.

कलकत्त्याच्या धावफलकात दोन व्यवस्थापकांचे दोन हिशेब समोरासमोर दिसतात. ईडनवर इंग्लंडने चार मध्यमगती-वेगवान गोलंदाज घेतले आणि इयान सॅलिसबरी हा एकच तज्ज्ञ फिरकीपटू. भारताने कुंबळे, वेंकटपती राजू आणि राजेश चौहान असे तीन फिरकीपटू उतरवले. मनोज प्रभाकर सलामीला फलंदाजी करत आणि नवा चेंडूही टाकत, म्हणून तिघांसाठी जागा निघाली. अझरुद्दीन १८२. इंग्लंड १६३ आणि फॉलोऑननंतर २८६. भारत आठ गड्यांनी विजयी. मद्रासला भारत ६ बाद ५६०, इंग्लंड २८६ आणि २५२. मुंबईला इंग्लंड ३४७, विनोद कांबळी यांच्या २२४ धावांसह भारत ५९१, इंग्लंड २२९. या दोन्ही कसोटी डावाने जिंकल्या. मालिका ३-० आणि कुंबळे यांचे बळी २१. इंग्लंडच्या निवड समितीचे अध्यक्ष टेड डेक्स्टर यांनी कलकत्त्यातल्या धुरकट हवेलाही दोष देऊन पाहिला.

तीन फिरकीपटूंचा निर्णय कर्णधाराचा की व्यवस्थापकाचा? इथे १९७२-७३ चा आकडा उपयोगी पडतो. घरच्या मैदानावर, फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर, जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या जोरावर इंग्लंडला हरवण्याची रीत वाडेकर यांनी कर्णधार म्हणून वापरलेली होती. चंद्रशेखर यांच्या ३५ बळींचा साचा कुंबळे यांच्या २१ बळींत पुन्हा दिसतो. अझरुद्दीन यांच्या आधीच्या तीन वर्षांत, म्हणजे न्यूझीलंड, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत, असे काही दिसत नाही. घरच्या खेळपट्ट्यांवर खेळण्याची संधीही त्यांना तेव्हा फारशी मिळाली नव्हती, हे खरे. पण १९९३ नंतर हा साचा झिंबाब्वे आणि श्रीलंका यांच्याविरुद्धही तसाच चालू राहिला. झिंबाब्वेविरुद्धची एकमेव दिल्ली कसोटी डावाने. १९९४ च्या आरंभी लखनौ, बंगळूर आणि अहमदाबाद या श्रीलंकेविरुद्धच्या तिन्ही कसोटी डावाने. सलग सात घरच्या कसोटी, सात विजय, त्यांतले सहा डावाने. एका मालिकेतला नशिबाचा वाटा सात कसोटींपर्यंत टिकत नाही. इथे ठरवून राबवलेले धोरण आहे, आणि व्यवस्थापकाच्या पूर्वायुष्याशी ते जुळते.

त्या धोरणाची किंमतही धावफलकातच आहे. जवागल श्रीनाथ यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये ब्रिस्बेनला पदार्पण केले. दक्षिण आफ्रिकेत ते खेळले. पण वर सांगितलेल्या सातही घरच्या कसोटींत त्यांचे नाव अकरा जणांत नाही. भारतातली पहिली कसोटी त्यांना नोव्हेंबर १९९४ मध्ये मिळाली, कपिल देव यांच्या निवृत्तीनंतर, वेस्ट इंडिजविरुद्ध मुंबईत. पंचविशीच्या आसपासचा देशातला सर्वांत वेगवान गोलंदाज तीन वर्षे घरच्या मैदानावर पाणी घेऊन जात राहिला. परदेशातल्या निकालांशी याचा संबंध असल्याचे ठामपणे सिद्ध करता येणार नाही, तरी या काळातल्या आठ परदेशी कसोटींत विजय एकच मिळाला हेही त्याच कागदांवर आहे. तो १९९३ च्या कोलंबोचा, सिंहलीज मैदानावरचा, २३५ धावांनी. १९८६ नंतरचा भारताचा तो पहिला परदेशी कसोटी विजय.

ऑकलंडची सकाळ

२७ मार्च १९९४ च्या ऑकलंडच्या एकदिवसीय सामन्याच्या धावफलकात एक बदल ठळक आहे. नवज्योत सिद्धू संघात नाहीत आणि अजय जडेजांबरोबर सलामीला तेंडुलकर आहेत. न्यूझीलंडच्या १४२ धावांचा पाठलाग करताना त्यांनी ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या, १५ चौकार आणि २ षटकार. भारत सात गड्यांनी आणि तब्बल सव्वीस षटके राखून जिंकला. त्याआधीच्या ६९ एकदिवसीय सामन्यांत ते मधल्या फळीत खेळले होते आणि त्यांच्या नावावर एकही शतक नव्हते. पहिले शतक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलंबोला आले, सलामीलाच. एकूण ४९ एकदिवसीय शतकांपैकी ४५ सलामीची.

या निर्णयामागची हकीगत तेंडुलकर यांनी अनेकदा सांगितली. सिद्धू यांची मान आखडली होती. आपल्याला एक संधी द्यावी, जमले नाही तर पुन्हा मागणार नाही, अशी विनंती त्यांनी कर्णधार आणि व्यवस्थापकांना केली. ही आठवण उत्तरकालीन असली तरी ती विश्वसनीय वाटण्याला कारण आहे. सांगणारा श्रेय स्वतःच्या कल्पनेला देतो, पण परवानगी दोघांकडे मागितल्याचे म्हणतो. फलंदाजीचा क्रम हा नियमाने कर्णधाराचा विषय. तरी वीस वर्षांचा खेळाडू व्यवस्थापकाकडेही जातो, याचा अर्थ वाडेकर यांचा शब्द ड्रेसिंग रूममध्ये चालत होता. लिखित अधिकार नसताना मिळालेल्या वजनाचा हा सर्वांत चांगला पुरावा. एका सकाळची नड म्हणून केलेला बदल पुढच्या सामन्यांत कायम ठेवण्यात आला, आणि व्यवस्थापनाचे श्रेय असेल तर ते या दुसऱ्या निर्णयात अधिक आहे.

कानपूर आणि ईडन

अधिकाराची मर्यादा ३० ऑक्टोबर १९९४ ला कानपूरमध्ये दिसते. वेस्ट इंडिजच्या २५७ धावांचा पाठलाग करताना शेवटच्या नऊ षटकांत ६३ धावा हव्या होत्या. प्रभाकर आणि नयन मोंगिया यांनी केल्या १६. भारत ४६ धावांनी हरला, प्रभाकर नाबाद १०२. सामनाधिकारी रामन सुब्बा रो यांनी भारताचे गुण कापले, तो निर्णय पुढे आंतरराष्ट्रीय परिषदेने फिरवला. आपण सूचनांप्रमाणे खेळलो, असे प्रभाकर यांनी नंतर सांगितले. सूचनांचा कागद नसतो, त्यामुळे त्या दाव्याचे मोल तेवढेच. पण त्यानंतरची कारवाई निर्विवाद आहे: दोघांनाही वगळले ते निवड समितीने. मॉन्ट्रियलमध्ये असा निर्णय जनरल मॅनेजरच्या टेबलावरून निघाला असता. इथे सामना व्यवस्थापकाच्या डोळ्यांसमोर घडला आणि शिक्षा दुसऱ्या दालनात ठरली.

१३ मार्च १९९६ ची श्रीलंकेविरुद्धची विश्वचषक उपांत्य फेरी ईडनवर झाली. भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. या निर्णयावर पुढे जे वादळ उठले त्यात एक धावफलक बहुतेकांच्या नजरेआड राहिला. अकरा दिवसांपूर्वी, २ मार्चला दिल्लीत, भारताच्या २७१ धावा श्रीलंकेने आरामात ओलांडल्या होत्या. हा संघ पाठलागात धोकादायक आहे, त्याला आधी खेळवावे, हा विचार त्या पुराव्यावर उभा होता. पहिल्याच षटकात सनथ जयसूर्या आणि कालुवितरणा बाद झाले तेव्हा तो बरोबरही वाटला. अरविंद डिसिल्व्हा यांनी ४७ चेंडूंत ६६ धावा केल्या आणि श्रीलंका ८ बाद २५१ वर पोहोचली. भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० वर आला. खेळपट्टी फुटली होती. प्रेक्षकांच्या हुल्लडीमुळे सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला दिला. विरोधी संघाचा अभ्यास अचूक होता, खेळपट्टीचा चुकला. फिरकीच्या खेळपट्ट्यांवर तीन वर्षे सामने जिंकणाऱ्या व्यवस्थापनाच्या काळात चौथ्या डावासारखी वागणारी खेळपट्टी ओळखता आली नाही, हा हिशेबातला सर्वांत बोचरा आकडा आहे.

त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून संदीप पाटील गेले.

ताळेबंद

डर्बनपासून १९९५ च्या कटकपर्यंत कसोटी २१. विजय १०, पराभव २, अनिर्णित ९. भारतातल्या १३ कसोटींपैकी ९ विजय, ३ अनिर्णित आणि एकच पराभव, मोहालीचा. घरची एकही मालिका गमावलेली नाही. परदेशात ८ पैकी १ विजय, १ पराभव, ६ अनिर्णित. एकदिवसीय सामन्यांत १९९३ चा हीरो चषक आणि १९९५ चा आशिया चषक, शिवाय १९९६ ची उपांत्य फेरी.

१९९८-९९ मध्ये वाडेकर निवड समितीचे अध्यक्ष झाले. खुर्ची तिसरी, पण आता ड्रेसिंग रूम दुसऱ्याच्या ताब्यात होती. १९९९ च्या विश्वचषकात भारत सुपर सिक्सपुढे गेला नाही आणि त्याच वर्षी कर्णधारपद अझरुद्दीन यांच्याकडून तेंडुलकर यांच्याकडे गेले. २००० मध्ये न्यूझीलंडचे जॉन राइट प्रशिक्षक म्हणून आले. प्रशिक्षक वेगळा आणि प्रशासकीय व्यवस्थापक वेगळा, ही विभागणी त्यानंतर पक्की झाली. खेळाडू विकत घेणे, सोडणे, अदलाबदल करणे हे पोलॉक यांचे काम भारतात अवतरले ते २००८ च्या आयपीएल लिलावाने. श्रीरामपूरचे झहीर खान २०१८ मध्ये मुंबई इंडियन्सचे क्रिकेट संचालक झाले, तेव्हा वाडेकर यांच्या पिढीला न मिळालेले अधिकार मराठी क्रिकेटपटूच्या पदनामात दिसू लागले. वाडेकर त्याच वर्षी, १५ ऑगस्टला निवर्तले.

कागदांवरून इतके ठामपणे म्हणता येते: घरच्या कसोटींचे फिरकी-धोरण वाडेकर यांच्या हाताचे आहे, कारण तेच धोरण वीस वर्षे आधी त्यांच्या नावावर नोंदलेले आहे. श्रीनाथ यांना बाकावर ठेवण्याची जबाबदारी त्या धोरणाबरोबर येते. ऑकलंडच्या निर्णयात त्यांचा वाटा आहे, पण अर्धा, कारण दार दोघांचे ठोठावले गेले होते. कानपूरचा निवाडा त्यांचा नव्हता. ईडनच्या नाणेफेकीत ते सामील होते, म्हणून तिच्या परिणामांतही. दहा विजयांचे श्रेय सगळे त्यांना देणे जितके चूक, तितकेच एका संध्याकाळच्या हुल्लडीत चार वर्षे बुडवणे चूक. भारतीय संघाला सलग चार वर्षे एकच व्यवस्थापक मिळाला तर एक धोरण आकाराला येते आणि त्याचे गुणदोष मोजता येतात, हे पहिल्यांदा त्यांच्या काळात सिद्ध झाले. त्यांच्यानंतरच्या चार वर्षांत या पदावर चार जण येऊन गेले.